अकराव्या पानावरचं शिलाई मशीन

संस्थांचे वार्षिक अहवाल दुरुस्त करून द्यायचं काम मी जालन्यात घरी बसून करते, आणि खरं सांगते, ह्या कामानं डोकं उठतं. फाइल येते ती व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठल्यातरी जुन्या फॉन्टमधली. उघडली की नुसत्या किड्यामुंग्या. त्यामागोमाग चार व्हॉइस मेसेज. "मॅडम, जल्दी करा, उद्या छपाईला द्यायचंय." "मॅडम, जरा वजनदार शब्द टाका." वजनदार म्हणजे काय, तर प्रत्येक ओळीत सक्षमीकरण! एका संस्थेच्या अहवालातून मी ती सक्षमीकरणं उपटून काढली, तर सचिवांचा लगेच फोन, "मॅडम, तुम्ही तर अहवालातला जीवच काढला."

"अहो, अर्धी पानं मागच्याच वर्षाची आहेत," मी म्हटलं.

"साल तेवढं बदला ना. काम तर तेच करून राह्यलो आपण."

कप्पाळ!

ही संस्था परतूर तालुक्यातल्या बायकांना शिवणकाम शिकवते. तिची एक पद्धत आहे. मशीन कुणाला कायमचं द्यायचं न्हाई. सहा महिने एकीच्या घरी राहतं, मंग दुसरीच्या घरी जातं. थोड्याच मशीनवर कितीतरी जणी शिकून तयार झाल्या, ते मी पाहिलंय. पण अहवालाच्या शेवटी एक यशोगाथा लागतेच. गावातली कार्यकर्ती ती हातानं लिहून देते, संस्थेत कुणीतरी टाइप करतं आणि मी तिच्यावर इस्त्री फिरवते.

मागच्या वर्षीची यशोगाथा वाटूरजवळच्या एका बाईची होती. अकरावं पान, मशीनवर वाकलेल्या बाईचा फोटो, खाली मजकूर. अहवाल छापून झाला आणि मी ती बाई विसरून गेले. मला तर ती फोटोपुरतीच माहीत होती.

यंदा मे महिन्यात एका गुरुवारी, भर दुपारी, कार्यकर्ती त्याच बाईला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. दोघी घामाघूम. पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडं वळवला, तेव्हा कार्यकर्तीनं सगळं सांगितलं. बाईनं स्वतःच्या मशीनसाठी एका सरकारी योजनेत अर्ज केल्ता. नाव यादीत आलं आणि खोडलंही गेलं. शेरा होता, 'अर्जदाराकडे मशीन आहे.' पुरावा काय, तर संस्थेनंच योजनेच्या कार्यालयाला दिलेल्या अहवालाचं अकरावं पान. हरकत घ्यायला उद्या शेवटचा दिवस होता.

"शाळेच्या गणवेशाचं काम मला कबूल केलंय गुरुजींनी," बाई पहिल्यांदा बोलली. "पर मशीन दाखव म्हणतेत. शाळा उघडायच्या आत कपडे द्यायचेत. न्हाई तर दुसरीला देतील, त्यांची तरी काय चूक?"

"सचिवांनीच तुमच्याकडं पाठवलं," कार्यकर्ती म्हणाली. "लिहिण्याचं सगळं मॅडमला माहीत, म्हणाले."

माझं टाळकंच सटकलं. सचिवांना फोन लावला आणि त्या दोघींच्या समोरच झापलं, "मशीन परत जाणार हे एका ओळीत लिहायला काय झालं होतं हो तुम्हाला? नुसतं रंगवून सांगायची हौस! त्या बाईच्या पोटावर पाय आला ना!"

पलीकडून शांत आवाज आला. "मॅडम, आम्ही पाठवलं त्यात होतं. बराबर होतं. तुम्ही तुमची फाइल बघा."

"बिलकुल नव्हतं," मी म्हणाले, आणि फाइल उघडली.

मी खाडाखोड केलेली प्रत वेगळी जपून ठेवते. त्यात काढलेला मजकूर लाल रेघेखाली तसाच दिसतो. अकराव्या पानावर ती ओळ होती, 'हे मशीन संस्थेचे असून दिवाळीनंतर पुढच्या बाईकडे जाईल.' तिच्यावर लाल रेघ. कडेला माझं नाव आणि माझाच शेरा, 'शेवट ढिला पडतो. काढले.' आणि तिच्या जागी मी घातलेलं वाक्य, 'आज स्वतःच्या मशीनवर ती स्वतःचे भविष्य शिवते आहे.'

सक्षमीकरणं उपटणारी मीच ती! मला माझीच शिसारी आली. सचिवांची कशीबशी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. मी उद्या दहाला शिक्का घेऊन कार्यालयात येतो. तुम्ही हरकतीचं पत्र तेवढं लिहा."

बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी आली होती. "ही लाल रेघ कुणी मारली?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच न्हाई."

तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मंग म्हणाली, "परत टाकता येतं का?"

मी बटण दाबलं. रेघ गेली, ओळ परत आली.

"आता कार्यालयातल्या कागदावर दिसंल ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "तिथं छापलेलं गेलंय."

तिनं नुसती मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी कोरं पान उघडलं आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एकेक शब्द सांगितला. "मशीन माझं नव्हतं. दिवाळी झाली, न्यायला आल्ते, मी देऊन टाकलं. तवापासून माझ्या घरात मशीन न्हाई."

मी जसंच्या तसं टाइप केलं. मंग सवयीनं माझं बोट मधल्या वाक्याकडं गेलं. कोण आलं होतं, ते तिनं सांगितलंच नव्हतं.

तिनं माझं मनगट धरलं.

"ताई," ती म्हणाली, "ह्याला आता हात लावू नका."