जमलंतरवहिनींचा हुकूम

घरात, गल्लीत, बाजारात, सगळीकडे त्या जमलंतरवहिनी. "जमलं तर जरा दार लावता का?" याखेरीज त्यांना काही सांगताच यायचं नाही. "घराला आग लागली तरी ही आगीला म्हणेल, जमलं तर विझता का?" असं नवरा चारचौघांत म्हणायचा, आणि वहिनीही बापड्या हसायच्या.

अशा बाईला नोकरी लागली ती नेमकी रुग्णवाहिकेच्या फोनवर! इंग्रजी बोलणाऱ्यांचेही फोन येत, म्हणून शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी फळ्यावर आज्ञार्थी वाक्यं लिहिली. "यात 'यू' म्हणायचं नाही, प्रस्तावना करायची नाही. थेट क्रियापद. सिट. होल्ड. पुश." वहिनींना सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की आधी "कुड यू प्लीज" बाहेर पडायचं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमची विनंती संपेपर्यंत तिकडे माणूस संपेल!"

हे मात्र वहिनींच्या जिव्हारी लागलं.

एका दुपारी, मॅडम शेजारीच बसलेल्या असताना, फोन आला. हॉटेलातून कुणी परदेशी तरुण रडत इंग्रजीत सांगत होता, वडील खुर्चीतच कोसळलेत, श्वास घेत नाहीत. वहिनींनी गाडी पाठवली. ती पोचेपर्यंत त्या म्हाताऱ्याला फक्त हा मुलगाच होता. "कुड" ओठांवर आलं होतं. वहिनींनी ते गिळलं.

"पुट हिम ऑन द फ्लोअर."

पलीकडे धप्प आवाज झाला. मुलानं खरंच ऐकलं होतं! वहिनींच्या अंगावर काटा आला.

"हँड्स ऑन हिज चेस्ट. पुश हार्ड. काउंट विथ मी."

"आय कान्ट!"

"डोन्ट स्टॉप!" वहिनी गरजल्या. पोटच्या पोरांवरही त्यांनी कधी असा आवाज चढवला नव्हता. कधी न पाहिलेल्या खोलीत, कधी न पाहिलेले दोन हात त्यांच्या शब्दासरशी खालीवर होत होते. शब्दात एवढं बळ असतं? आणि ते आपल्याही तोंडी येतं? त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना, पण मोजणं थांबलं नाही.

मग पावलं वाजली. गाडीवरची माणसं पोचली होती. थोड्या वेळानं मुलगा हुंदका देत म्हणाला, "ही इज ब्रीदिंग."

आता फोन ठेवायचा, असा नियम होता. पुढचा फोन वाजतही होता.

"डोन्ट गो," मुलगा म्हणाला.

ना प्लीज, ना कुड यू. फळ्यावरच्यासारखंच वाक्य. वहिनींचे डोळे भरून आले.

"आय ॲम हिअर," त्या म्हणाल्या, आणि वाजणाऱ्या फोनकडे बोट करून मॅडमना म्हणाल्या, "तो घ्या."

मॅडमनी मुकाट्यानं घेतला.