मी आणीबाणीची बाजू घेतो

काय सांगू तुम्हाला! माणसाने करिअर खुशाल निवडावं, पण त्याचं मराठीत भाषांतर करू नये. मी केलं, आणि सख्खे आजोबा मला घराबाहेर काढायला निघाले!

त्याचं झालं असं. एमबीबीएस झालं, एमडीसाठी रँकही चांगली आली आणि मी इमर्जन्सी मेडिसिन घ्यायचं ठरवलं. म्हणजे अपघात असो, हार्ट अटॅक असो, विषबाधा असो, दारातून जो आत येईल त्याला पहिला हात लावणारा डॉक्टर. घरात सुतकी चेहरे! बाबांना त्वचारोग हवं होतं. "अरे, पिंपल आला म्हणून कुणी मध्यरात्री उठवत नाही," हा त्यांचा मुद्दा. मावशी तर फोनवर म्हणाली, "कॅज्युअल्टी ठीक आहे रे, पण नंतर डॉक्टर कशाचा होणार?"

अंतिम निकाल आजोबांचा. आजोबा म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक. बोलण्यात विनाकारण इंग्रजी शब्द आला की त्यांना ऐकू येत नाही. 'फॅन लावू का?' विचारा, घामाघूम होतील, पण उत्तर देणार नाहीत. आणि दुसरं म्हणजे, तरुणपणी, पंचाहत्तरच्या आणीबाणीत, ते येरवड्याच्या तुरुंगात होते.

त्या रविवारी सकाळी त्यांचे तुरुंगातले मित्र घरी जमणार होते. आजोबा त्यांच्यासाठी आणीबाणीवर भाषण लिहीत बसलेले. मला यातलं काही माहीत नाही! मी आपला 'इमर्जन्सी'ला मराठी शब्द जुळवत त्यांच्या खोलीत शिरलो.

"ये," चष्म्यावरून बघत ते म्हणाले. "तुम्हा तरुणांचं म्हणणं तरी कळू दे. तुझं मत काय?"

मला वाटलं, बाबांनी यांच्या कानावर घातलेलं दिसतंय.

"आजोबा, माझं ठरलंय. आणीबाणी."

पेन थांबलं. "बाजूने की विरोधात?"

"बाजूने! विरोधात बाबा आहेत."

"तुझ्या बापाला थोडी अक्कल आहे म्हणायची. आणि तुला काय आवडलं त्यात?"

इथे तरी थांबावं की नाही माणसाने? मी सुटलोच!

"सगळं कसं झटपट, आजोबा! कुणाला विचारत बसायचं नाही. माणूस आणला की ताब्यात घ्यायचा, आडवा करायचा. वेळ पडली तर अंगावरचे कपडे कापायचे."

"कपडे?"

"हो ना. नातेवाईक फार प्रश्न विचारायला लागले की त्यांना बाहेर काढायचं."

"आणि तो माणूस धडपडला तर?"

"मग हातपाय बांधतो आम्ही. कधी कधी घशात नळीही घालावी लागते."

"*आम्ही?*"

"सध्या मी नुसता मदतीला असतो. पण आयुष्यभर हेच करायचंय मला!"

"आयुष्यभर आणीबाणी!" आजोबा ताडकन उठून उभे राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. पटवर्धन आजोबा आणि आणखी दोघे, तिघांच्याही हातात काठ्या!

"या," आजोबा म्हणाले. "हा आमचा नातू. माणसांचे हातपाय बांधतो. अभिमानाने सांगतोय."

"लाज नाही वाटत?" पटवर्धन आजोबांनी काठी माझ्या नाकापर्यंत आणली. "आम्ही आत होतो तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता!"

"पण त्यांच्या भल्यासाठीच बांधतो हो!" मी म्हणालो.

"तेव्हाही हेच सांगत होते!" तिघेही एका सुरात ओरडले.

आणि तेवढ्यात आजोबा धपकन खुर्चीत बसले. डोळे मिटलेले, हात छातीपाशी.

मी काय केलं असेल? नाडी बघितली? छे! श्वास? नाव नका काढू. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "अहो, कुणीतरी डॉक्टरला बोलवा!"

आई झारा घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे गाढवा, मग तू कोण आहेस?"

आजोबांनी एक डोळा उघडला. "खिशातून रुमाल काढतोय मी. एवढं काय झालं?"

"हा डॉक्टर आहे?" पटवर्धन आजोबांची काठी खाली आली.

मग आईनेच सगळा उलगडा केला. कुठली आणीबाणी, कुठले रुग्ण, कशाच्या नळ्या. आजोबांनी शांतपणे रुमालाने चष्मा पुसला.

"याला आपत्कालीन वैद्यकशास्त्र म्हणतात," ते म्हणाले. "जन्मभर गावाला मराठी शिकवलं, घरातच राहून गेलं. घे, आमची हरकत नाही."

परवानगी मिळाली! शिवाय चारही आजोबांनी बाह्या वर करून फुकटात बीपी तपासून घेतलं. चौघांचंही ठणठणीत. मग पटवर्धन आजोबा म्हणाले, "आता स्वतःचंही बघ." आकडा बघितला आणि मीच हळूच भिंतीला टेकलो.

आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मग आईकडे वळून अत्यंत काळजीने विचारलं,

"सूनबाई, खरा डॉक्टर बोलवायचा का?"