ऐकू न येणारी शीळ

ओरिन हॉगन शिकाऱ्यांसाठी एल्कला, म्हणजे सांबराहून दांडग्या हरणाला, साद घालून जवळ बोलवायचा. आयडाहोच्या डोंगरात, गाडीरस्ता संपला की खेचरांवर बसून दिवसभर चढत जावं लागे, तिथे त्याचा तंबूंचा तळ होता. सप्टेंबरात नर माजावर आले की ओरिन तोंडात टाळूला शिळेची रबरी पट्टी लावायचा, आवाज घुमवणारी नळी तोंडाशी धरायचा आणि अशी शीळ काढायचा, की पलीकडच्या खोऱ्यातला नर चवताळून उत्तर द्यायचा.

साठी उलटली आणि त्या उत्तराचा वरचा सूर त्याला ऐकू येईनासा झाला. माणसांचं बोलणं नीट कळायचं, म्हणून कुणाला संशय आला नाही. उत्तर आलं की नाही, हे तो शिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताडायचा. तळावर स्वयंपाक करणाऱ्या त्याच्या बायकोला, मेव्हिसला, ते झऱ्यावर पाणी भरताना कळलं. कड्यावर नर ओरडला आणि ओरिन म्हणाला, "यंदा सगळे गप्पच आहेत."

"मग आत्ता ओरडला तो कोण, तुझा मामा?"

ओरिनने बादली खाली ठेवली. "कुठून?"

तिने हात केला. तो तिकडे बघत राहिला. "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण उद्यापासून मी येणार बरोबर."

"आणि न्याहारी?"

"शिकाऱ्यांना हात आहेत ना? करतील."

दुसऱ्या दिवशी रॉस्को नावाचा शिकारी बरोबर होता, फरशांचा दुकानदार. मेव्हिसला पाहून तो हसला. "काय ओरिन, बायकोशिवाय करमत नाही वाटतं?"

ओरिन पुढे चालू लागला. पडलेल्या झाडाआड तिघं बसली. त्याने साद घातली. डावीकडून उत्तर आलं तसा मेव्हिसने मागून त्याचा डावा खांदा दाबला. रॉस्को मात्र कड्यावरून आलेल्या पडसादाला फसून उजवीकडे बंदूक रोखून होता. ओरिनने त्याला धरून डावीकडे वळवलं आणि पुन्हा शीळ घातली. नर झुडपं मोडत समोर आला. एकाच गोळीत पडला.

कातडं सोलताना रॉस्को म्हणाला, "कान तिखट आहेत हं तुझे!"

ओरिनचा सुरा थांबला. "माझे नाहीत, हिचे. मला ती शीळ ऐकूच येत नाही."

"म्हणजे? आंधळेपणाने चाललंय सगळं?"

"बहिरेपणाने," मेव्हिस म्हणाली. "पाय धर जरा तो."

रॉस्कोने मुकाट्याने पाय धरला.

गावात गेल्यावर त्याने ते सगळ्यांना सांगितलं. काही जुने शिकारी दुसऱ्या तळांवर गेले. ओरिनला ते लागलं, पण तो कुणाची मनधरणी करायला गेला नाही. मेव्हिसही मग पट्टी तोंडात धरायला शिकली. पहिले काही दिवस तिला नुसत्या ओकाऱ्या आल्या, पण मादीची बारीक साद तिला जमली. ओरिनचे गुडघे चालेनासे होईपर्यंत दोघांनी तो तळ चालवला.