सुकडी कोणी खाल्ली?

त्या तक्रारीची आठवण झाली की मला आजही हसू येते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच शेतमजुरांच्या वस्तीतल्या सहा सासवा एका अर्जावर अंगठे उठवून समोर उभ्या राहिल्या. सोबत गावचे पोलीस पाटील. आरोप असा, की गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठी सरकारकडून येणारे पौष्टिक पीठ, म्हणजे सुकडी, अंगणवाडीची बाई स्वतःच फस्त करते.

"दोन म्हैने झाले सायेब, घरात चिमूटभर आली नाय," पुढच्या आजी म्हणाल्या. "आधी सून पदरात बांधून आणायची. सगळ्या घराला पुरायची."

अंगणवाडीची बाई नवऱ्याने टाकलेली, दोन मुलींची आई. अपहाराचा गुन्हा दाखल झाला असता तर निकालाची वाट न पाहता तिचे काम गेले असते. म्हणून आधी चौकशी करायचे ठरवले आणि हवालदाराला घेऊन गावात गेलो.

पोती मोजली, हिशेब चोख. सुनांना विचारले, "सुकडी मिळते का?"

"मिळते."

"मग जाते कुठं?"

सगळ्या खाली बघू लागल्या. बाई म्हणाली, "साहेब, मला ठाण्यात नेऊन बसवा, पण ह्यांना काही विचारू नका." खाणारा माणूस असे बोलत नाही, एवढे मी नोकरीत शिकलो होतो.

उलगडा झाला तो आजींच्याच ओट्यावर. चहा देताना त्यांचे गाऱ्हाणे चालूच होते. "सून दुपारी अर्धीच भाकर खाती. म्हनं भूकच नाय. आन् अंगानं बघा, लय भरली!"

"माझीबी तशीच," शेजारीण म्हणाली.

मी कप खाली ठेवला. घरोघरी चौकशी केली. सहा घरांतल्या सहा सुनांची दुपारची भूक मेलेली, आणि सहाही जणींच्या अंगावर मूठभर मांस चढलेले!

दुपारी आजींना घेऊन अंगणवाडीच्या मागच्या अंगणात गेलो. सुना गोल करून गरम पाण्यात कालवलेली सुकडी खात होत्या. एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या. आम्हाला पाहताच घास थांबले.

आजींच्या सुनेने धीर केला. "आत्याबाई, बाईंनीच सांगितलं, घरी न्यायची नाय. हितंच पोटात घालून जायचं. घरी नेली का आधी मामंजी, मग दीर, मग पोरं. माझ्या वाटनीला नुसतं फडकं झटकायचं."

"मग सांगायचं नाय व्हय मला?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं?"

हवालदार तोंड फिरवून हसला. आजी मात्र तिथेच खाली टेकल्या. "सहा बाळंतपनं काढली मी. सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते खाऊन."

सुनेने थाळी पुढे सरकवली. आजींनी ती परत ढकलली. "खा तू. दोघांचं हाय ते."

सरकारचे धान्य उंबऱ्यापर्यंत पोहोचले म्हणजे काम झाले, असे मी तोवर समजत होतो. उंबऱ्याच्या आत कोण आधी जेवते, हे कोणत्याच परिपत्रकात नसते. अंगणवाडीच्या बाईला ते ठाऊक होते.

"सायेब, अर्ज फाडून टाका," आजी म्हणाल्या.

"फाडता येत नाही, आजी. जबाब द्यावा लागतो."

"मग लिवा. जिची होती तिनं खाल्ली. आन् उद्यापासनं हिला मीच आणून बसवनार हितं."