डॅनियलसाठी झाकून ठेवलेलं ताट

मुदखेडच्या आनंदराजना जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांच्या बायकोच्या, भामाबाईंच्या जिवाला एक घोर लागून राहिला होता. कुणाला तरी कळवायचं राहून गेलंय, असं त्यांना सारखं वाटायचं.

वाटायला कारणही होतं. आनंदराजनी उमरीच्या पंचायत समितीत कारकुनी केली, रोज रेल्वेने जाऊन येऊन. डब्यात शेजारी बसलेल्याचं गाव, लेकरंबाळं, दुखणीखुपणी सगळं विचारून झाल्याशिवाय हा गृहस्थ गाडीतून उतरायचा नाही. त्यातला एखादा मग सरळ घरी जेवायला. भामाबाई तोंडाचा पट्टा सोडायच्या आणि बोलता बोलता जास्तीच्या भाकरी थापायच्या. ते गेले तेव्हा सोयऱ्यांना फोन झाले, ऑफिसात निरोप गेला, विहारात सांगितलं. रेल्वेतल्या माणसांना कोण सांगणार? ज्याला कळवायचं राहतं तो माणूस राग धरतो, आणि त्याचा राग काही खोटा नसतो.

आनंदराजचा मोबाईल त्यांनी चालूच ठेवला होता. लेक लुंबिनी लातूरला नर्स. इंग्रजी मजकूर मराठीत कसा करायचा आणि तोंडाने बोलून कसं लिहायचं, ते तिनेच आईला शिकवलेलं. एक दिवस त्या मोबाईलवर ईमेल आला. "नमस्कार आनंदराज, तुम्ही कसे आहात? डॅनियल."

नाव वाचून भामाबाई काही बिचकल्या नाहीत. नांदेडच्या गाडीत कोण बसत नाही? दोन दिवसांनी पुन्हा आला. "आनंदराज, तुम्ही तिथे आहात का? मला तुमची काळजी वाटते."

हे वाचून मात्र त्यांना रडू कोसळलं. वर्षभर घरी आलेल्यांनी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, नळाच्या पाण्याची केली. आनंदराजचं नाव कुणी काढत नव्हतं. काढलं तर ही रडेल, म्हणून सगळे बिचारे जपून बोलायचे. हा परका माणूस तेवढा नाव घेऊन विचारत होता.

पण लांबच्या माणसाला माणूस गेल्याचं थेट कळवायची आपल्यात रीत नाही. वाटेत त्याचं काही बरंवाईट झालं तर? म्हणून भामाबाईंनी मोबाईल तोंडाशी धरला आणि रीतीप्रमाणेच कळवलं. "त्यांना जरा बरं न्हाई. तुम्ही येऊन जा. मुदखेड टेसनात उतरा, घर विहाराच्या मागं हाय."

उत्तर आलं, "हे ऐकून खूप छान वाटले! तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्याल का?"

छान वाटले? भामाबाई घटकाभर रागावल्या, मग सगळा दोष त्यांनी भाषांतर करणाऱ्या मोबाईलवर ढकलला. नंबर दिला नाही. दिला तर डॅनियल फोन करणार, आनंदराजना द्या म्हणणार, आणि मग सांगावं लागणार. त्यांनी फक्त वर्षाच्या पुण्यानुमोदनाची तारीख कळवली आणि कार्यक्रम कशाचा ते न सांगता जेवायलाच या म्हणाल्या.

तो दिवस आला. वंदना झाली, खीर वाढून झाली, पाहुणे पांगले. पांढऱ्या साडीतल्या भामाबाई मात्र स्टेशनच्या रस्त्याकडे डोळे लावून दारात बसून राहिल्या. शेजारी एक ताट झाकून ठेवलेलं.

"आई, जेव की आता," लुंबिनी म्हणाली.

"थांब जरा. तुझ्या पप्पांचा एक दोस्त यायचाय. डॅनियल."

लुंबिनीने मोबाईल हातात घेतला आणि तिच्या कपाळाची शीरच तडकली. "आई, हे फसवणारे लोक असतेत गं. असाच मेल हजारो लोकायला धाडतेत. माणूस बी नसंल, मशीन लिहून राहिली असंल. तू कामून उत्तर दिलीस?"

"म्हंजे ह्याला पप्पांची वळख न्हवती?"

"न्हाई."

भामाबाई हळूच म्हणाल्या, "वळख न्हाई तरी नाव घेऊन इचारायचा. तू सांज-सकाळ फोन करतीस. गोळी घेतली का, जेवलीस का. पप्पांचं नाव घेतलीस कधी?"

लुंबिनी नुसतीच मोबाईलवरचे मेल खालीवर करत राहिली आणि आईने पाठवलेल्या ओळीपाशी थांबली. त्यांना जरा बरं न्हाई. तुम्ही येऊन जा. असेच शब्द तिने ऐकले होते. वर्षापूर्वी, ड्यूटीवर असताना, आईच्याच तोंडून. त्या एवढ्याशा निरोपावर ती लातूरहून एसटीत बसली होती, आणि पप्पांना नांदेडला कुठे भरती करायचं, कोणत्या डॉक्टरला गाठायचं, सगळं वाटेत ठरवत आली होती.

"आई, खरं सांग. मला फोन केलीस तवा पप्पा होते का?"

हा प्रश्न तिने वर्षभर गिळला होता.

"न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "पहाटंच गेल्ते."

"मग कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं? एकलीच होतीस तू गाडीत. आमच्यासाठी ते पहाटंच गेले. तुझ्यासाठी तरी लातूरपासून दारापस्तोर जित्ते ऱ्हायले." भामाबाईंनी पदराने डोळे पुसले. "ह्या डॅनियलसाठी बी अजून होते बघ. म्हणून म्हणलं, आल्यावरच सांगू."

लुंबिनीने डॅनियलला काही कळवलं नाही. मोबाईल बाजूला ठेवून तिने ते ताट उघडलं, आईच्या पुढे सरकवलं आणि स्वतःही त्याच ताटाला बसली.

"पहाटं काय बोलले का पप्पा?" तिने विचारलं.

"बोलले की," भामाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.