पाडव्याचा ठसा

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. आमचे जुने सर वारले आणि त्यांचे कागद आणायची कामगिरी विभागप्रमुखांनी माझ्या गळ्यात मारली. स्वतः गेले नाहीत, कारण सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ते टरकून होते. अख्खी शिवाजी पेठ टरकून होती, त्यांचं काय घेऊन बसलात!

सरांनी उभा जन्म शिलालेख वाचण्यात घालवला. रविवार उजाडला की ब्रश, शाई, कागदाची गुंडाळी घेऊन स्वारी एसटीत. दगडावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकायचा, वर शाई फिरवायची, की अक्षरं कागदावर उतरतात. त्याला ठसा म्हणतात. असल्या ठशांनी भरलेल्या ट्रंका काकूंच्या पलंगाखाली होत्या. काकू आता मुलीकडे पुण्याला कायमच्या निघालेल्या. लवकर नेलं नाही तर सगळं रद्दीत घालीन, असं त्यांनी फोनवर ठणकावलं होतं.

चहा झाला. मी ट्रंकेला हात घातला, तर काकू म्हणाल्या, आधी एक वाचून दाखवा, मग न्या. एवढा संसार झाला, पण त्या दगडांवर काय लिहिलंय हे माणसानं घरात कधी सांगितलं नाही. मग त्यांनीच एक गुंडाळी हुडकून काढली. कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, चंदगड, पाडवा. लग्नानंतरची पहिली दिवाळी. काकू ओवाळायला ताट लावून बसलेल्या आणि नवरा चंदगडला!

गुंडाळी उलगडली आणि मला घाम फुटला. गधेगाळ निघाली. पूर्वी राजानं जमीन दान दिली की दगडावर कोरून ठेवत, आणि शेवटी, हे दान जो मोडेल त्याला आईवरून सणसणीत शिवी. खाली गाढवाचं आणि बाईचं चित्रसुद्धा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही शिवी पोचावी. ते गाढव काय करत असतं ते मी इथं लिहिणार नाही. मी वरचा सूर्य दाखवला, चंद्र दाखवला, जमिनीच्या चारी सीमा दोन-दोनदा वाचल्या.

"मास्तर, खाली काय हाय?"

गाढव आहे, म्हणालो.

"ते दिसतंय की. काय करतंय?"

छताकडे बघत कसंबसं सांगितलं. झालं, आता हे सगळं रद्दीत, असं मला वाटलं. पण काकू अशा हसत सुटल्या की पदर तोंडात कोंबावा लागला. एवढ्यासाठी नव्या नवरीला सोडून गेलतं व्हय हे, म्हणाल्या, आणि घरात सांगायची लाज वाटली!

ट्रंका रिक्षात चढवायला त्यांनीच तालमीतली पोरं बोलावली. तो ठसा मात्र हातातून सोडेनात. यातला सगळ्यात मोलाचा तोच आहे, असं मी चाचरत म्हणालो.

"असू दे की. ह्यांना पहिलं ओवाळायचं राहिलंय माझं. पुण्यात पाडव्याला ह्यालाच ओवाळते."