डाहीबेनचं काम

खंभातच्या डाहीबेनचा नवरा अकीकाचे मणी घासायचा आणि ती घर सांभाळायची. म्हणजे रोटले भाजून झाले की दिवस मावळेपर्यंत तीही त्याच्याशेजारी दुसऱ्या चाकावर मणी घासायची. पण त्याला का कोणी काम म्हणतं? नवरा दगडाच्या धुळीनं गेला, हा निर्वाळा मोठ्या डॉक्टरांनीच दिला होता. आता खोकून खोकून तिचाही सांगाडा झाला, तेव्हा शेजारच्या मंछाबेननं तिला त्यांच्याकडेच नेलं.

छातीचा फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "हुबेहूब नवऱ्यासारखा. काम काय करता?"

"मी कसलं काम करते, साहेब! घरीच असते."

"मग धुळीचा संबंध नाही. क्षय असेल."

पुढचा प्रश्न विचारायला त्यांना सवड कुठली! दाराशी रांग होती.

बाहेर मंछाबेन कडाडली, "अगं करंटे, चाकाबद्दल मूग का गिळलेस?"

"चाक ह्यांचं होतं गं. मी आपला हातभार लावायची."

घरी पोचल्या तर सून लखी चाकावर बसलेली, पापण्यांपर्यंत पांढरी.

मंछाबेननं तिलाही दरडावलं, "आणि तू गं? तू काय काम करतेस?"

लखीनं पदरानं तोंड पुसलं. "काही नाही, मासी. घरीच असते."